सुट्टीत ठाण्याला यायचंय, पण माहेरच भाड्याच्या घरात!

प्रश्न: ताई नमस्कार, मी बंगळुरूला असते, दर मे महिन्यात मुलांना घेऊन तीन आठवडे ठाण्याला येते. पण नौपाड्यातली आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली आणि आईबाबा सध्या घोडबंदर रोडला भाड्याच्या वन बीएचकेत आहेत. आई म्हणते इथेच या, होईल सगळं. सासर नेरूळला, तिथे जागा आहे पण मग आईला वाईट वाटतं. शिवाय आत्या ऐरोलीला, मामी डोंबिवलीला, सगळ्यांचं एकच, जेवायलाच या. शाळेतल्या मैत्रिणी तर दरवर्षी राहूनच जातात. मुलगा अकराचा, मुलगी सहाची, दोघं दोन दिवसांत बोअर होतात. कसं जमवू?

उत्तर: अहो, आईला "राहू का" असं विचारूच नका, ती हो च म्हणणार, कुठली आई नाही म्हणते! विचारायचं असं, की पाणी किती वाजता येतं, बाबा दुपारी कुठे आडवे होतात, गाद्या किती आहेत. यातून काय ते कळतंच. माझं मत विचाराल तर मुक्काम नेरूळला ठेवा, सामान तिथेच, आणि आईकडे मधले चार-पाच दिवस फक्त तुम्ही आणि मुलं, जावईबापू यायच्या आधी. जावई घरात असले की आई काही ओट्यापासून हलत नाही, तिच्याशी बोलणार कधी?

आणि हे तिला आत्ताच फोनवर सांगा, आल्यावर नको. आल्यावर सांगितलंत की ते सासरच्यांनी ठरवलं असं होतं, मग वर्षभर ऐका.

आता जेवणावळी. प्रत्येकाकडे जेवायला गेलात तर सुट्टी संपेपर्यंत नुसता आमरस-पुरी खात फिराल आणि मुलं तिसऱ्या घरी रडतील. आत्यांचं सोपं आहे, ठाण्याहून नेरूळला जाताना ट्रान्सहार्बरला ऐरोली मध्येच लागतं, तेव्हा जाता-येता चहाला उतरायचं, वेगळा दिवस घालवायचा नाही. डोंबिवली मात्र दुसऱ्या बाजूला, ते आईकडे असतानाच उरका, आणि शक्यतो मामींनाच ठाण्याला बोलवा, त्यांनाही बदल. फक्त संध्याकाळी सहा ते आठ पोरांना घेऊन लोकलमध्ये चढू नका आणि त्याच वेळेला घोडबंदर रोडला रिक्षातही बसू नका, दोन्हीकडे हालच. हातात काय न्यायचं म्हणाल तर मिठाई नको, महिन्याच्या सुरुवातीला येत असाल तर वाशीच्या एपीएमसीतून हापूसच्या पेट्या घेऊन वाटून टाका, पाऊस जवळ आला की कोकणचा माल संपत येतो.

मैत्रिणी राहून जातात कारण तुम्ही त्यांना घरी भेटायचं ठरवता. घरी म्हटलं की पोहे आले, सासूबाई आल्या, मुलांचे मार्क आले. त्यापेक्षा सकाळी मामलेदारला मिसळ खा (तिखट झेपत नसेल तर मीडियम सांगा, लाज कसली) नाहीतर संध्याकाळी तलावपाळीला भेटा, कोपिनेश्वराचं दर्शन पण होतं आणि मुलांना मासुंद्यात बोटिंग पण. ग्रुपवर "भेटू या गं" टाकून काही होत नाही, वार आणि वेळ टाका, येतील त्या येतील.

मुलांसाठी ऐरोलीचं किनारी जैवविविधता केंद्र बघा, तिथून खाडीत फ्लेमिंगो बघायला बोट जाते, पण ती भरती-ओहोटी बघून सोडतात म्हणून बुकिंग आधी करा, आणि लवकरात लवकर जा कारण पाऊस जवळ आला की पक्षी निघून जातात. आत्याही तिथेच, म्हणजे एका दगडात दोन पक्षी, फ्लेमिंगो सोडून! मुलीला ट्रेन आवडत असेल तर ठाणे स्टेशनवर तिला सांगा की १६ एप्रिल १८५३ ला आपल्याकडची पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून इथेच आली होती, ३४ किलोमीटर, आणि तिला साहिब, सिंध, सुलतान अशी तीन इंजिनं होती. इंजिनांची नावं ऐकून पोरं खूश होतात. येऊरच्या डोंगरावर जायचं तर सकाळी लवकर, नऊनंतर घामाने नुसती चिकचिक.

आणि हो, एक चक्कर नौपाड्यात मारा, बाबांना घेऊन. तिथे सध्या पत्रे आणि खड्डा असेल, तरी बाबांना दाखवायचं असतं कुठला मजला कुठे येणार ते. तेवढं ऐकून घ्या.

प्रश्न: आम्ही कोपरखैरणेला टू बीएचकेत, माझं वर्क फ्रॉम होम. नणंदेची दोन मुलं अकोल्याहून सुट्टीला येणार, "शाळा सुरू होईपर्यंत" म्हणालेत. नाही म्हणायचं नाहीये, पण टेन्शन आलंय.

उत्तर: नाही म्हणू नकाच, पण कुणाची शाळा ते आधी विचारा. आपल्याकडे साधारण जूनच्या मध्याला शाळा उघडतात, विदर्भात उन्हामुळे त्याच्या नंतर, म्हणजे तुमच्या मुलांचे डबे सुरू झाले तरी पाहुणे घरातच. तारीख नणंदेशी थेट बोलून ठरवा, नवऱ्यामार्फत नको, आणि परतीचं तिकीट आत्ताच काढायला लावा, जूनमध्ये तिकडच्या गाड्यांना वेटिंग असतं.