यंदाचा सेदेर तुझ्याकडे

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

पेसाह, म्हणजे आपल्या लोकांच्या मिसरमधून (इजिप्तमधून) सुटकेचा ज्यू सण. त्या रात्रीचा घरचा सेदेर, म्हणजे विधीचं जेवण, यंदा तू चालवणार. त्या रात्री वाचायची पोथी, हगादा, घडाघडा वाचता आली की झालं, असं समजू नकोस. प्राचीन ज्यू धर्मगुरू रब्बान गमलिएल यांचं म्हणणं हगादातच आहे: पेसाह, मात्सा (न आंबवलेली भाकरी) आणि मारोर (कडू भाजी) या तिन्हींचा अर्थ जो सांगत नाही, त्याचं कर्तव्य राहून जातं. तेव्हा इब्री मजकूर वाचून झाला की तिथे थांब आणि मराठीत सांग. पुण्यात १८७४ साली इब्री-मराठी हगादा छापली गेली आहे. तिचा आधार घे.

इथे पेसाह म्हणजे सण नव्हे, बळीचं कोकरू. मिसरमध्ये त्याचं रक्त दाराच्या चौकटीला लावलं आणि मृत्यू ती घरं ओलांडून गेला. इ. स. ७० मध्ये यरुशलेमचं मंदिर पडलं, बळी थांबले. ताटात उरलं भाजलेलं हाड. त्याचा अर्थ सांगताना ते उचलू नकोस, नाहीतर तोच बळी वाटेल. मात्सा आणि मारोर मात्र उचलून दाखवायचे.

मात्सा घरी करणार असशील तर बाजारचा आटा नको. गिरण्यांत गहू दळण्याआधी बहुधा ओलवतात, आणि धान्याला पाणी लागलं की ते आंबल्याची शंका आलीच. पाणी आदल्या संध्याकाळी भरून रात्रभर निवत ठेवलेलं हवं. कोमट पाण्याने कणीक लवकर आंबते. पीठ भिजल्यापासून १८ मिनिटांत मळणं, लाटणं, टोचणं, भाजणं सगळं उरकायचं. म्हणून गोळे थोडेच घे आणि पुढच्या घाण्याआधी लाटणं, परात, हात स्वच्छ कर. फुलका फुगला की आपल्याला बरं वाटतं. इथे फुगलेली किंवा दुमडलेली मात्सा बाद.

सेदेरमधले द्राक्षारसाचे चार प्याले रिकाम्या पोटी जड जातात. त्याऐवजी काळ्या मनुकांचं शरबत चालतं. प्याला निदान ८६ मिलीचा असावा.

सगळ्यात जास्त फसगत वेळेची होते. चांदण्या दिसल्याशिवाय सुरुवात नाही आणि शेवटचा मात्साचा तुकडा, अफिकोमान, मध्यरात्रीआधी खायचा. ही मध्यरात्र घड्याळातली नव्हे, सूर्यास्त ते सूर्योदय यांच्या मधली. एप्रिलमध्ये मुंबईत ती साधारण साडेबाराच्या पुढे येते. उशीर होतोय असं दिसलं तर जेवण आटोपतं घे, मुलांचे प्रश्न मात्र आटोपू नकोस.

अश्केनाझी, म्हणजे युरोपीय परंपरेचे ज्यू, पाहुणे पेसाहात भात खात नाहीत. आपल्या बेने इस्राएलांना, म्हणजे कोकणातल्या ज्यूंना, चालतो. पण तांदूळ सण लागण्याआधीच तीनदा निवडून ठेव, त्यात गव्हाचा एखादा दाणा हमखास सापडतो.