शाळेत चांगुलपणाची आणि सेवाभावाची दखल घेण्यासाठी पुरस्कार सुरू करावा का? निवड कशी करावी?

तुम्ही लिहिलंय की ‘महिन्याचा सेवाभावी विद्यार्थी’ आणि ‘महिन्याचा सेवाभावी कर्मचारी’ अशी योजना मुख्याध्यापकांनी तुमच्या गळ्यात घातली आहे आणि निवड कशी करावी ते सुचत नाही. असलीच योजना मी दोन वर्षं चालवली आणि शेवटी मीच मागे लागून बंद करवली. त्यामुळे हे उत्तर जरा एकतर्फी होणार, सांभाळून घ्या.

पहिला महिना छान गेला. दुसऱ्या महिन्यापासून मुलं हिशेब घेऊन यायला लागली. “बाई, मी आज दोनदा मदत केली, लिहून घ्या.” एकाने तर वर्गमित्राचं दप्तर उचलून द्यायचं म्हणून त्याच्याशी झटापट केली, आणि तो बिचारा ‘माझं मी नेतो’ म्हणून ओरडतोय! त्या पोराला काय बोलणार? बक्षीस आम्हीच लावलं होतं. कर्मचाऱ्यांसाठी शिक्षकखोलीत मतदान घेतलं. सहा महिन्यांत सहा जण निवडले गेले, सगळे शिक्षक. शिपाई मामा, सफाईच्या मावशी, कार्यालयातले लिपिक, ग्रंथपाल यांच्यापैकी एकाचंही नाव नाही. मत देणारे सगळे शिक्षकच, मग दुसरं काय होणार?

मग मी थोडं वाचायला घेतलं. फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो या मानसशास्त्रज्ञांनी 2008 मध्ये जेमतेम 20 महिन्यांच्या मुलांवर केलेला एक प्रयोग आहे. मोठ्या माणसाच्या हातून वस्तू पडते आणि मूल ती उचलून देतं. काही मुलांना त्याबद्दल खेळणं मिळालं, काहींचं नुसतं कौतुक झालं, काहींना काहीच मिळालं नाही. पुढच्या फेरीत खेळणं मिळालेली मुलं बाकीच्यांपेक्षा कमी मदत करायला लागली. दुसरा अभ्यास मोठ्या मुलांचा, कॅलिफोर्नियातल्या 15 हजारांहून जास्त विद्यार्थ्यांचा, 2021 साली प्रसिद्ध झालेला. एका महिन्यात एकही दिवस न चुकवलेल्या काही मुलांना आधी न सांगता प्रशस्तिपत्र दिलं, तर त्यानंतर त्यांची हजेरी कमी झाली. संशोधकांचा तर्क असा, की ‘तू इतरांपेक्षा जास्तच येतोस’ एवढाच निरोप त्या कागदातून मुलांपर्यंत पोचला. हजेरी आणि दयाळूपणा एक नव्हे, हे मान्य. पण प्रशस्तिपत्राचा कागद आपण समजतो तेवढा निरुपद्रवी नसतो.

योजना मी बंद करवली ती मात्र वाचून नव्हे, एका प्रसंगामुळे. एका शिक्षिकेने माझ्याकडे नाव पाठवलं. मैत्रिणीला वर्गात अचानक पाळी आली, कपड्यांना डाग पडला, तर या मुलीने एक शब्द न बोलता स्वतःचा स्वेटर तिच्या कमरेला बांधला आणि तिला चिकटून चालत बाहेर नेलं. मी भारावून गेले आणि परिपाठात वाचून दाखवायला कागद घेऊन निघालेसुद्धा. पायऱ्यांवर तीच मुलगी भेटली. तिला कुणकुण लागली होती. म्हणाली, “बाई, सांगू नका ना. सगळ्यांना कळेल.” तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. शाळेतली निम्मी मदत कुणाच्या तरी अडचणीवर पांघरूण घालणारी असते. फी थकलेला, उलटी झालेला, वाचता न येणारा, घरी भांडण झालेलं असा कुणीतरी पलीकडे असतोच. मदत करणाऱ्याचा जाहीर सत्कार केला की ते पांघरूण आपणच ओढून काढतो. निवड समितीच्या कागदांवर या गोष्टीला रकानाच नसतो.

त्यानंतर आम्ही निवडच काढून टाकली. महिन्याला एक, वर्गाला एक असं काही ठेवलं नाही. चिठ्ठ्या ठेवल्या, आणि त्या टाकायला एक पेटी. चिठ्ठीत फक्त काय घडलं ते दोन ओळींत लिहायचं. ‘तू फार चांगली आहेस’, ‘सेवाभावी वृत्ती’ असले शब्द चालणार नाहीत. ‘मंगळवारी मला गणित सुटत नव्हतं, तेव्हा तू मधली सुट्टी सोडून बसलास’ हे चालेल. पेटीतून चिठ्ठी थेट त्या माणसाच्या हातात जाते. जाहीर वाचायची झाली तर दोघांना विचारून, आणि आधी ज्याला मदत झाली त्याला. तो ‘नको’ म्हणाला की विषय संपला.

आता कर्मचारी. ‘शाळेत तुमच्याशी कोण नीट वागतं?’ हे मुलांना विचारा. आम्ही विचारलं तर शिक्षकखोलीत कधी निघाली नव्हती अशी नावं आली. बस चुकलेल्या मुलांसोबत फाटकापाशी थांबणारे शिपाई मामा त्यातलेच. ते रोज थांबायचे आणि आम्ही रोज त्यांच्या शेजारून घरी जायचो. मात्र एक पथ्य पाळा. सत्कार करून कामाचा मोबदला टाळू नका. तासन्‌तास जादा थांबणाऱ्या माणसाला गुलाब दिला की त्याला सुट्टी किंवा जादा पैसे द्यायला नकोत, असा हिशेब काही ठिकाणी चालतो. मामांसाठी चिठ्ठ्या आल्या तेव्हा आम्ही आधी त्यांची ड्यूटी नीट लावून घेतली आणि मग चिठ्ठ्या दिल्या.

मोठी माणसं चिठ्ठी लिहायला लाजतात, तेवढं मात्र गृहीत धरा. ‘उगाच कृत्रिम वाटेल’ म्हणतात. अमित कुमार आणि निकोलस एप्ली या संशोधकांनी 2018 मध्ये हेच तपासलं. आभाराचं पत्र लिहिणाऱ्यांना वाटलं होतं त्यापेक्षा वाचणाऱ्याला पुष्कळ जास्त आनंद झाला आणि अवघडलेपण बरंच कमी वाटलं. आमच्याकडेही पहिल्या आठवड्यात पेटीत जेमतेम चार चिठ्ठ्या होत्या, त्यातल्या दोन माझ्याच. म्हणून आधी तुम्ही लिहा, मुख्याध्यापकांनाही लिहायला लावा. त्यांना महिन्याचं एक नाव फलकावर हवंच असेल, तर नावाऐवजी एक प्रसंग लावा, ओळख पुसून. आमच्या फलकावर पहिला कागद होता, ‘कुणीतरी रोज शेवटी जाताना चारही पंखे बंद करतं.’ मुलं आठवडाभर ते कोण याचा शोध घेत होती. सापडलं नाही, पण त्या आठवड्यात पंखे बंद करायला आम्हाला कुणालाच जावं लागलं नाही.