मोफत मदत देऊ केली तरी कुटुंबं पुढे का येत नाहीत?

तुम्ही सहा-सात जणांनी परिसरातल्या कुटुंबांना मोफत मदत करायचं ठरवलंत, फलक लावला, निरोप फिरवले, आणि महिना उलटला तरी कोणी फिरकलं नाही. मग लोकांना गरजच नाही असं समजायचं का, असं तुम्ही विचारलंय.

गरज असते. आड येतो तो मिंधेपणा. मी बरीच वर्षं अशाच एका गटात काम करतोय, त्यावरून सांगतो. ‘गरजू कुटुंबांसाठी’ असं फलकावर दिसलं की निम्मी माणसं तिथूनच मागे वळतात. चारचौघांत स्वतःला गरजू म्हणवून घ्यायला कोण धजावेल? ते शब्द काढाच, आणि ‘काहीही लागलं तर सांगा’ हेही काढा. ऐकायला छान वाटतं, पण काय मागायचं आणि किती, हे ठरवायची पंचाईत मागणाऱ्याचीच होते. त्यापेक्षा ‘दर बुधवारी चार ते सहा, कुठलाही अर्ज भरून देऊ’ किंवा ‘डॉक्टरकडे जायला सोबत हवी असेल तर आदल्या दिवशी कळवा’ असं नेमकं लिहा. अर्जाशी अडणारे तर सगळेच असतात, त्यात कमीपणा नाही. माणूस अर्जासाठी येतो, पुन्हा येतो, आणि मग कधीतरी उठता उठता खरी अडचण बोलून जातो.

मार्गारेट हॅरिसन यांनी १९७३ साली इंग्लंडमधल्या लेस्टरमध्ये ‘होम-स्टार्ट’ सुरू केलं. त्यांची रीत मला फार पटते. लहान मुलं असलेल्या घरी स्वयंसेविका आठवड्यातून एकदा, दोनेक तास जाते. बहुतेकदा तिने स्वतः मुलं वाढवलेली असतात. ती तपासणीला आलेली अधिकारी नसते आणि सल्ले द्यायला आलेली नातेवाईकही नसते. कधी बाळाला खेळवते, तेवढ्यात आईला जरा पाठ टेकता येते. कधी नुसती ऐकते. यातला ‘दर आठवड्याला’ हा भाग सगळ्यात महत्त्वाचा. उत्साहाने महिनाभर रोज जाऊन मग गायब होणारा स्वयंसेवक घराला जास्त त्रास देतो. एकच तास जमत असेल तर एकच कबूल करा, पण तो चुकवू नका.

परतफेडीची वाटही मोकळी ठेवा. घेणाऱ्याला नुसतं घेत राहणं जड जातं. जपानमध्ये ओसाकात तेरुको मिझुशिमा यांनी श्रमदानाची बँक काढली तीही १९७३ मध्येच. पुढे अमेरिकेत एडगर कान यांनी ‘टाइम बँक’ रुजवली. हिशेब सोपा, दुसऱ्यासाठी एक तास काम केलं की आपल्यालाही कोणाची तरी एक तासाची मदत मिळते. तासाला तास, मग तो वकिलाचा असो की शिवणकाम करणाऱ्या बाईंचा. तुम्ही अशी तासांच्या हिशेबाची वही घालू नका (छोट्या गटात वहीवरून रुसवेफुगवेच जास्त होतात), पण ज्यांच्या मुलाला गणित शिकवताय त्या बाईंना शिवणकाम येत असेल तर त्यांनाही गटात काम सांगा. त्या हक्काने येऊ लागतील.

थोडी पथ्यं सुरुवातीलाच ठरवून टाका. मदतीचे फोटो काढायचे नाहीत. पहिल्या भेटीला दोघांनी जायचं, आणि मूल एकट्या स्वयंसेवकाच्या हवाली करायचं नाही, घरातलं मोठं कोणीतरी जवळ हवंच. उसने पैसे द्यायचे-घ्यायचे नाहीत, कोणाचा पिन किंवा ओटीपी विचारायचा नाही. घरात ऐकलेलं गटातही चघळायचं नाही. मात्र मारहाण दिसली किंवा मुलाच्या जिवाला धोका वाटला, तर गुपित राखत बसू नका. ते तुमच्या आवाक्यातलं काम नाही, त्यासाठी नेमलेल्या यंत्रणेला लगेच कळवा.

आणि फलकावर फार विसंबू नका. शाळेतले शिक्षक, दवाखान्यातल्या परिचारिका यांना भेटा. कुठल्या घरात ओढाताण चालली आहे हे त्यांना बरोबर ठाऊक असतं. त्यांच्याकडे नावं मात्र मागू नका. तुमचा निरोप आणि फोन नंबर त्यांच्यामार्फत त्या घरी पोचू दे. पहिली दोन-तीन कुटुंबं बहुधा त्याच वाटेने येतील.