वाचकांचे प्रश्न : मूळ कृती आणि ॲनिमे मालिका

प्रश्न : गेम किंवा कादंबरीवर आधारलेली जपानी ॲनिमे (ॲनिमेशन) मालिका पाहताना ‘मुळात असे नव्हते’ ही गोष्ट मला सतत खटकते. मुळाबरहुकूम असणे हाच चांगल्या रूपांतराचा निकष मानावा का?

उत्तर : माझ्या मते नाही. मूळ कृतीत जी जागा वाचकासाठी किंवा खेळाडूसाठी मोकळी सोडलेली असते, ती मालिकेने कशाने भरली, हे आधी पाहावे.

गेमच्या बाबतीत ही जागा फार मोठी असते, कारण तिथे नायक म्हणजे आपणच असतो. 1996 मध्ये गेम बॉय या हातात धरून खेळायच्या यंत्रावर आलेल्या पहिल्या पोकेमॉन गेममधला मुलगा बोलत नाही आणि सोबतीला पोकेमॉनपैकी, म्हणजे चेंडूत ठेवता येणाऱ्या काल्पनिक प्राण्यांपैकी, बल्बासॉर, चारमँडर, स्क्वर्टल यांपैकी कोण हवे, हे खेळाडू ठरवतो. 1997 च्या मालिकेला असा मुका नायक चालणार नव्हता. म्हणून पहिल्याच भागात मालिकेचा नायक सातोशी (इंग्रजी आवृत्तीत ॲश) उशिरा उठतो, तिन्ही पोकेमॉन आधीच दिले गेलेले असतात आणि त्याच्या वाट्याला चेंडूत जायला साफ नकार देणारा हट्टी पिकाचू येतो. त्याच भागात भर पावसात चवताळलेल्या पक्ष्यांच्या थव्यासमोर सातोशी हात पसरून उभा राहतो, तेव्हा त्या दोघांचे नाते जुळते. यातले काहीच मूळ गेममध्ये नव्हते. उलट 1998 च्या पिवळ्या आवृत्तीत गेमनेच मालिकेचे अनुकरण केले आणि खेळाडूच्या मागून चालणारा पिकाचू दिला.

‘स्टाइन्स;गेट’पुढची अडचण वेगळी होती. 2009 च्या त्या गेममध्ये भूतकाळात पाठवलेले संदेश नायकाला एकामागून एक रद्द करावे लागतात आणि प्रत्येक वेळी कुणा मैत्रिणीचे पूर्ण झालेले स्वप्न त्याच्याच हातून पुसले जाते. खेळाडू तिथेच थांबू शकतो. थांबला तर कथा त्या फाट्यावर वेगळ्या शेवटाला पोहोचते. 2011 च्या 24 भागांच्या मालिकेत थांबण्याची मुभा नाही. नायकाला प्रत्येक फाट्यावरून पुढे जावे लागते आणि आधीच्या नकोशा निर्णयांचे ओझे पुढच्या भागात त्याच्या चेहऱ्यावर साचत जाते. निवडीचे स्वातंत्र्य गेले, पण त्याच्या बदल्यात मिळालेली ही वेदना मला अधिक मोलाची वाटते.

पुस्तकांच्या बाबतीत भरायचा असतो तो वेळ. डोंगरात आजोबांकडे राहायला गेलेल्या मुलीच्या, योहाना श्पिरी यांच्या कादंबरीवरील ‘हायडी’ ही 1974 ची मालिका 52 भागांची होती. दिग्दर्शक इसाओ ताकाहाता यांनी हा अवकाश घटना वाढवण्यापेक्षा दिनक्रम दाखवण्यासाठी वापरला. आजोबा विस्तवावर चीज धरतात, ते हळूहळू वितळून चकाकू लागते, मग पावावर पसरते आणि हायडी डोळे विस्फारून पाहत राहते. पुस्तकातल्या थोडक्या ओळी इथे भूक आणि ऊब होऊन समोर येतात. त्यासाठी ताकाहाता, हायाओ मियाझाकी आणि पात्रांची रेखाटने करणारे योइची कोताबे 1973 मध्ये स्वित्झर्लंडला जाऊन आले होते. (हेच कोताबे पुढे निन्टेन्डो या गेम कंपनीत गेले आणि पोकेमॉन मालिकेच्या कामातही त्यांचा हात होता.) ‘हायडी’नंतर दोनच वर्षांनी ताकाहातांनी आईच्या शोधात जेनोआहून अर्जेंटिनाला निघालेल्या मार्कोची गोष्ट 52 भागांत मांडली, तिचे मूळ तर एदमोंदो दे आमिचिस यांच्या पुस्तकातली केवळ एक कथा आहे. मार्को घर सोडण्याआधीचे जेनोआतले दिवस मालिका इतक्या सावकाश दाखवते, की त्याचे निघणे आपल्यालाही जड जाते.

प्रश्न : चित्रपट असताना त्याचीच पुन्हा मालिका का पाहावी?

उत्तर : दर वेळी पाहावीच असे नाही. ‘डेमन स्लेयर’ या ॲनिमे मालिकेचा ‘मुगेन ट्रेन’ हा 2020 चा चित्रपट 2021 मध्ये सात भागांत दाखवला गेला. त्यातला पहिला भाग नवा होता आणि उरलेले सहा भाग चित्रपटावरून बेतलेले होते. ही कथा बव्हंशी एका रात्रीच्या रेल्वेप्रवासाची असल्यामुळे मध्ये आठवड्याचा खंड पडला, की तिचा वेग तुटतो. तेव्हा नवा भाग जरूर पाहावा आणि पुढचे चित्रपटातच, एका बैठकीत पाहावे.