मुलांना ट्रॅक्टर आणि शेतीची यंत्रे कोणत्या वयात व कशी शिकवावीत?

मुलगा अकरा वर्षांचा आहे, ट्रॅक्टरवर बसण्याचा रोज हट्ट धरतो, भावकीतली त्याच्याच वयाची मुले रान फणून काढतात, मग त्याला आता शिकवावे की थांबावे, आणि शिकवायचे तर सुरुवात कुठून करावी, असे तुम्ही विचारले आहे. माझे मत असे की यंत्राची ओळख आजपासून करून द्यावी, चालवण्यासाठी सीटवर मात्र चौदा-पंधरा वर्षांच्या आधी बसवू नये, आणि रस्ता व पिटीओवर, म्हणजे इंजिनाच्या जोरावर ट्रॅक्टरच्या मागे फिरणाऱ्या दांड्यावर, चालणारी यंत्रे ही दोन्ही अठरानंतरच हातात द्यावीत. संगमनेर तालुक्यात आमची उताराची जमीन आहे, ४५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर आहे. मुलीला मी शिकवले, ती आता परवानाधारक आहे, आणि पंधरा वर्षांच्या मुलाला सध्या शिकवतो आहे. शिकवताना माझ्या हातून एक मोठी चूक झाली, तीही पुढे सांगतो.

कायद्याचे आधी सांगून टाकतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ४ नुसार १८ वर्षांखालील मुलाने सार्वजनिक ठिकाणी ट्रॅक्टर चालवणे हा गुन्हा आहे, आणि वरच्या रानातून खालच्या रानात जाताना मध्ये लागणारा गावरस्ताही सार्वजनिकच असतो. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९९अ नुसार अशा वेळी पालकाला किंवा वाहनमालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, वाहनाची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही. चालकाकडे परवाना नसताना अपघात झाला, तर विमा कंपनी भरपाईची रक्कम मालकाकडून वसूल करू शकते, म्हणजे प्रसंगी जमीन विकण्याची वेळ येते. बांधाच्या आत मात्र पाहायला कोणी येत नाही, त्यामुळे तिथला निर्णय प्रत्यक्षात आई-वडिलांच्याच हातात राहतो. ब्रिटनमध्ये १९९८ पासून तेरा वर्षांखालील मुलाला शेतीकामाच्या ट्रॅक्टरवर चालवण्यासाठीच काय, नुसते बसण्यासाठीही मनाई आहे, आणि हा नियम करणाऱ्यांनी मडगार्डवर बसलेले मूल पाहिले असावे असे मला वाटते.

कारण लहान मुलांना इजा होते ती बहुधा चालवताना नाही, तर मदत करताना. ट्रॉली जोडण्याचा प्रसंग आठवून पाहा. बाप मान वळवून ट्रॅक्टर मागे घेत असतो आणि ट्रॉलीच्या दांडीपाशी हातात पिन घेऊन मूल उभे असते. "टाक रे पिन" हा शब्द कानी पडेपर्यंत ते दोन लोखंडांच्या मध्ये गेलेले असते. क्लचवरून पाय अर्धा इंच सरकला तरी पुरते. आमच्या घरी आता नियम असा आहे की ट्रॅक्टर थांबला, गिअर न्यूट्रल झाला, हॅन्डब्रेक लागला आणि चालक खाली उतरला, की मगच पिन टाकायची, आणि ती चालकानेच टाकायची. तसेच फळीवर किंवा कुळवावर वजन म्हणून मुलाला बसवण्याची रीत. बैलांच्या काळात माझे वडील मला कुळवावर उभे करत; मी पडलो की बैल आपसूक थांबत. ट्रॅक्टरला मागचे ओरडणे ऐकू येत नाही.

आता शिकवण्याकडे वळतो. वयापेक्षा मी पाय पाहतो. पाठ सीटला टेकलेली असताना क्लच आणि ब्रेक तळापर्यंत दाबता आले पाहिजेत. त्यासाठी मूल सीटच्या कडेवर सरकत असेल किंवा उभे राहत असेल, तर ते अजून वर्षभर खालीच बरे. पहिले काही दिवस इंजिन चालू करायचेच नाही. डिझेल बंद करून इंजिन थांबवणारी नॉब कुठे आहे ते डोळे मिटून सापडले पाहिजे, हायड्रॉलिकचा दांडा खाली नेऊन अवजार जमिनीवर टेकवल्याशिवाय उतरायचे नाही हे अंगवळणी पडले पाहिजे, आणि दोन ब्रेकांचे कोडे समजले पाहिजे. ट्रॅक्टरच्या उजव्या व डाव्या मागच्या चाकाला वेगवेगळे ब्रेक असतात, कारण सरीच्या शेवटी एकच दाबून तो जागच्या जागी वळवता येतो. पण वेगात असताना एकच पेडल दाबले गेले, तर ट्रॅक्टर त्याच अंगाला गर्रकन वळून कलंडतो. दोन्ही पेडले जोडणारा खटका शिकणाऱ्याने कायम लावूनच ठेवावा.

त्यानंतर सपाट, कोरड्या रानात, मागे काहीही न जोडता, लो गिअरमध्ये फेऱ्या. शिकवणाऱ्याने मडगार्डवर न बसता बाजूने, मोठ्या चाकापासून चार हात लांब चालावे. मुलगी पंधराव्या वर्षी असे पंधरा दिवस छान चालवत होती. मी तिला पहिल्याच दिवशी सांगून ठेवले होते, "घाबरलीस की क्लच दाब." नांगरट झालेल्या सपाट रानात ते खरेही होते; क्लच दाबला की दोन पावलांत ट्रॅक्टर उभा राहत असे. सोळाव्या दिवशी आम्ही ओढ्याकडे उतरणाऱ्या पट्टीत गेलो. उतार लागताच ट्रॅक्टर जरा जोरात चालल्यासारखा तिला वाटला आणि तिने शिकवल्याप्रमाणे क्लच दाबला. इंजिनाने धरून ठेवलेली चाके मोकळी सुटली, ट्रॅक्टर धावू लागला, ती आणखी घाबरली आणि क्लच आणखी घट्ट दाबून बसली. "क्लच सोड, क्लच सोड" असे मी जिवाच्या आकांताने ओरडलो तेव्हा तिने पाय उचलला, इंजिनाने झटका देऊन पुन्हा चाके धरली, आणि बांध दहा फुटांवर असताना ट्रॅक्टर हळू झाला. तिने काहीही चुकीचे केले नव्हते. चुकीचे मी शिकवले होते. म्हणून मुलाला मी पहिल्या दिवसापासून "आधी ब्रेक, मग क्लच" असेच शिकवले. उतरणीला लागण्याआधी वर थांबून लो गिअर टाकायचा आणि खाली पोहोचेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये उतरणारे महाभाग प्रत्येक गावात आहेत. मुलाने त्यांचे पाहून शिकू नये, एवढीच काळजी घ्या.

सहा महिने असे झाल्यावर फणासारखे साधे अवजार जोडू द्यायला हरकत नाही, पण वाफसा नसलेल्या, म्हणजे अजून जास्त ओल असलेल्या, रानात नको. मागची चाके चिखलात रुतली की पोरे जिद्दीने ॲक्सिलरेटर वाढवतात किंवा चाकापुढे दगड-लाकूड घालतात. चाक फिरू शकले नाही, तर त्याच्याभोवती ट्रॅक्टरच फिरतो. पुढची चाके उचलली जातात आणि तोल जायला एक सेकंदही लागत नाही. रुतला तर मागे घ्यायचा, मागे येत नसेल तर इंजिन बंद करून मोठ्या माणसाला हाक मारायची, आणि साखळी बांधायची ती खालच्या हुकालाच, टॉप लिंकला, म्हणजे अवजार वरून धरणाऱ्या दांडीला, कधीही नाही. उन्हासाठी बसवलेले पातळ नळ्यांचे छत उलटलेल्या ट्रॅक्टरचे वजन पेलत नाही, हेही मुलाला सांगून ठेवावे.

पिटीओबद्दल मी इतका ताठर का, असे अनेक जण विचारतात. पिटीओचा दांडा मिनिटाला ५४०, म्हणजे सेकंदाला नऊ फेरे घेतो. ओढणीचे किंवा सदऱ्याचे टोक त्यात सापडले, तर एक-दोन मीटर कापड सेकंदात गुंडाळले जाते. हात मागे घ्यायला वेळच मिळत नाही. मळणी यंत्रांवर हात गमावलेल्यांची संख्या इतकी झाली होती, की केंद्राला १९८३ मध्ये धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा वेगळा कायदा करावा लागला. आणि घरातली कडबाकुट्टी तर यंत्र वाटतच नाही, म्हणून ती अधिक वाईट. माझ्या चुलतभावाची दोन बोटे तेराव्या वर्षी गेली. वीज गेली होती, कुट्टी बंद पडली होती, तोंडात अडकलेला कडबा तो हाताने उपसत होता. बटण मात्र चालूच राहिले होते आणि वीज परत आली. आमच्या गोठ्यात आता कुट्टीला हात लावण्याआधी प्लग उपसून खिशात घालावा लागतो, मग वीज असो वा नसो.

तुमच्या मुलाला सध्या एवढे काम द्या: रोज सकाळी इंजिन थंड असताना डिपस्टिक पुसून तेल पाहणे, रेडिएटरचे पाणी व टायरची हवा पाहणे, आठवड्यातून एकदा ग्रीसगनने ग्रीस भरणे, आणि चावी तुमच्या हातात आणून देणे. मडगार्डवर बसवणे मात्र आजपासून बंद करा. तो आठ-दहा दिवस रुसेल. माझा मुलगाही रुसला होता, मग एके दिवशी मी ट्रॅक्टर सुरू करायला निघालो, तेव्हा त्यानेच मागून विचारले, "दादा, तेल पाहिलंत का?" मी पाहिले नव्हते.