मुंबई ते गोवा शिडाच्या बोटीने जाता येईल का? बोटीवर राहणं कसं असतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बडोद्यात नोकरी, पोहता येतं, हिवाळ्यात पंधरा दिवस रजा मिळेल, आणि एक सेकंडहँड शिडाची बोट बघून ठेवली आहे. घ्यावी का?

नका घेऊ. या वर्षी तरी नका.

मीही बडोद्याचाच, दांडिया बाजारातला. लहानपणी पाहिलेलं सर्वांत मोठं पाणी म्हणजे आजवा तलाव. विश्वामित्री नदीत मगरी, त्यामुळे तिथे होडी घालण्याचा विचारही कोणी केला नाही. (ओखामंडळ गायकवाडांच्याच राज्यात होतं, म्हणजे बडोद्याला समुद्र नव्हता असं नाही. पण तो आमच्या गल्लीपर्यंत पोचला नाही.) मुंबईतल्या एका मित्राच्या ३१ फुटी बोटीवर मी तीनदा दक्षिणेकडे गेलो, त्यातला एकदाच गोव्यापर्यंत. तेवढ्यावरून सांगतो.

अंतर साधारण २२० सागरी मैल. अशी बोट ताशी चार-पाच मैल जाते, म्हणजे दिवसाउजेडी तीस-चाळीस मैल. आम्ही मुरूड-जंजिरा, हर्णै, जयगड, विजयदुर्ग, मालवण असे मुक्काम केले. नकाशावर सहा दिवसांचं काम, आम्हाला अकरा लागले. जयगड आणि विजयदुर्गच्या खाड्यांत रात्री निवांत झोप लागते. हर्णै उघडं आहे, तिथे रात्रभर बोट अशी डुलत होती की मी दोन फळ्यांच्या मध्ये उश्या कोंबून झोपलो.

खरा मालक भरती-ओहोटी. मला हे मुरूडजवळच्या राजापुरीच्या खाडीत कळलं. पौर्णिमा होती. संध्याकाळी सहाला, पुरती ओहोटी असताना, चार मीटर पाण्यात नांगर टाकला आणि वीस मीटर दोर सोडला. खोलीच्या पाचपट, म्हणजे हिशेब बरोबर, असं समजून खिचडी लावली. रात्री साडेदहाला शेजारच्या होडीवरून कोणीतरी ओरडलं. वर येऊन बघतो तर आम्ही त्यांच्या अंगावर चाललो होतो. पाणी तीन-साडेतीन मीटर चढलं होतं, पाचपट दोर तिपटीहूनही कमी झाला होता आणि भरतीच्या ओढीने नांगर सुटला होता. दोर भरतीच्या खोलीवर मोजायचा असतो, टाकताना दिसणाऱ्या खोलीवर नाही. त्या होडीवरच्या तांडेलने (होडीच्या म्होरक्याने) शिव्या दिल्या, मग हिशेब शिकवला: तिथीची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. मोबाइलमधल्या कोष्टकाशी ताडून पाहिलं, थोडीफार मिनिटं इकडेतिकडे. तेव्हापासून बोटीवर भिंतीवरचं मराठी कॅलेंडर असतं. तुम्ही मात्र सराव म्हणून जवळचं खंभातचं आखात निवडू नका. तिथे भावनगरच्या बाजूला उधाणाला पाणी दहा मीटरच्या आसपास चढउतार करतं.

राहणं म्हणजे घरकाम, फक्त तिरक्या घरात. आमच्या टाकीत दीडशे लिटर पाणी. तिघांत ते आठवडा पुरवायचं, म्हणून भांडी समुद्राच्या पाण्याने घासून गोड्या पाण्याने नुसती विसळायची. शेगडी झुल्यासारखी टांगलेली असते, तरी कुकर बांधावा लागतो. संडासाला हातपंप, त्याचा वॉल्व्ह कोणत्या बाजूला फिरवायचा हे पहिल्या दिवशीच नीट शिकून घ्या, जास्त सांगत नाही. सगळं ओलसर होतं: मीठ, काडेपेटी, कपडे. घरून नेलेल्यापैकी लीलो चेवडो (बडोद्याचा ओला चिवडा) तेवढा टिकला, तो आधीच ओलसर.

वाऱ्याचं वेळापत्रक नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरंचसं ठरलेलं. पहाटे जमिनीवरून मतलई, अकरा-बाराला सगळं बंद, दुपारी वायव्येकडून खारा वारा, सूर्यास्तानंतर पुन्हा शांत. म्हणून उजाडताच नांगर उचलायचा. दोन-तीन तास शिडं फडफडत असतात आणि डिझेल वाचवायचं की वेळ यावर वाद होतो. आम्ही वाट बघायचो, पत्ते खेळायचो. रात्री चालवू नका. अलिबागच्या आसपास खुंट ठोकून लावलेली डोल जाळी अंधारात दिसत नाहीत, आणि इंजिनाच्या पंख्यात जाळं अडकलं तर नुकसान कोळ्याचंही होतं.

अंगावर लाइफ जॅकेट, व्हीएचएफ रेडिओ १६ नंबरवर, तटरक्षक दलाचा १५५४ फोनमध्ये. ओळखपत्र हाताशी ठेवा, सागरी पोलीस विचारतात.

आता बोट का नको ते. रजा पंधरा दिवसांची, आणि जाताना वायव्येचा वारा पाठीशी असतो. तोच परतीला तोंडावर येतो. शिडाने सरळ वाऱ्यात जाता येत नाही, नागमोडी जावं लागतं, अंतर सहज दीडपट होतं. माझी रजा गोव्यातच संपली. मी मडगावहून रेल्वेने बडोद्याला आलो, मित्राला बोट मुंबईला न्यायला आणखी तीन आठवडे लागले, त्यातलं निम्मं इंजिनावर. बोट तुमची असती तर तुम्ही कुठे असता?

यंदा ऑक्टोबरनंतर मुंबईत किंवा गोव्यात आठवड्याचा प्राथमिक कोर्स करा, मग कोणाच्या तरी बोटीवर खलाशी म्हणून मुरूडपर्यंत जा. उलटी लागते की नाही, तेही तिथेच कळेल. मला लागते, अजूनही, पहिला दिवसभर.