वाचकांचे प्रश्न : किंग क्रिमझनचं नाव यादीत का येत नाही?

गेल्या अंकात येस या ब्रिटिश बँडवर लेख आला होता. त्यानंतर आलेल्या बहुतेक पत्रांचा रोख एकाच गोष्टीकडे होता : अमेरिकेतल्या रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये (रॉक संगीतातल्या नामवंतांना मान देणाऱ्या संस्थेत) प्रॉग रॉकवाल्यांपैकी, म्हणजे रॉकला जॅझ आणि अभिजात संगीताची जोड देणाऱ्यांपैकी, कोण आत गेलं, कोण बाहेर राहिलं आणि बाहेर राहिलेल्यांत खरा हक्क कोणाचा. त्यांतली काही पत्रं इथे थोडी आटोपशीर करून घेतली आहेत.

पिंक फ्लॉइड आत, जेनेसिस आत, येस आत. मग किंग क्रिमझन बाहेर का? पण दुसरी बाजूही आहे. रॉबर्ट फ्रिप सोडला तर त्या बँडमध्ये कोणी टिकलं नाही, आणि घराघरांत पोचलेलं एकही गाणं त्यांच्या नावावर नाही. ते खरंच या मानाला लायक आहेत का? (ठाणे)

लायक आहेत. बाहेर राहिलेल्या प्रॉग बँडमध्ये पहिला हक्क त्यांचाच, असं आमचं स्पष्ट मत आहे.

आधी हिशेब पाहू. पिंक फ्लॉइड 1996 साली आत गेले, जेनेसिस 2010, रश 2013, येस 2017 आणि मूडी ब्लूज 2018. किंग क्रिमझनचा पहिला अल्बम 'इन द कोर्ट ऑफ द क्रिमझन किंग' ऑक्टोबर 1969 मध्ये आला. पहिल्या ध्वनिमुद्रणाला 25 वर्षं झाली की कलाकार पात्र ठरतो, म्हणजे 1990च्या दशकाच्या मध्यापासून हा बँड पात्र आहे. तरीही 2025पर्यंत त्यांचं नाव एकदाही नामांकनाच्या यादीत आलं नाही. ते मतदानात हरलेले नाहीत, त्यांच्यावर मतदानच झालेलं नाही.

आता हक्काचं बोलू. 1969च्या त्या अल्बमने एक गोष्ट दाखवून दिली : रॉक बँड ब्लूजचा आधार सोडून, जॅझची शिस्त आणि पाश्चात्त्य अभिजात संगीताचा विस्तार घेऊनही तितकाच दणकट वाजू शकतो. 'ट्वेंटीफर्स्ट सेंच्युरी स्किझॉइड मॅन'च्या मधल्या भागात गिटार, सॅक्सोफोन, बेस आणि ड्रम एकदम थांबतात, एकदम सुटतात. तेवढाच भाग हेडफोन लावून ऐका. चौघांपैकी एकाचीही सुरुवात अर्ध्या मात्रेने चुकली असती तर तो तुकडा कोसळला असता. पुढे 1974चा 'रेड' आला, जड आणि उग्र. 1981च्या 'डिसिप्लिन'मध्ये फ्रिप आणि एड्रियन बेलू यांच्या गिटारी वेगवेगळ्या लांबीच्या आकृत्या घेऊन एकमेकींत गुंततात. एकाच नावाखाली तीन वेगळी घराणी म्हणावीत इतका या तीन टप्प्यांत फरक आहे.

माणसं टिकली नाहीत हे खरं, पण ती गेली कुठे तेही बघा. ड्रमर बिल ब्रुफोर्ड येसबरोबर हॉलमध्ये गेला. त्याच ब्रुफोर्डने 1972 साली, 'क्लोज टू द एज' या अल्बमचं ध्वनिमुद्रण होताच, येस ऐन भरात असताना सोडलं आणि तो क्रिमझनमध्ये दाखल झाला. पहिल्या अल्बममध्ये मेलोट्रॉन (टेपवर मुद्रित केलेले सूर वाजवणारं कीबोर्डसारखं वाद्य), बासरी, सॅक्सोफोन वाजवणारा इयन मॅकडोनल्ड 2024 साली फॉरेनर या बँडचा संस्थापक म्हणून आत गेला, तोही मरणोत्तर. बॉझ बरेल 1971च्या सुमारास क्रिमझनमध्ये गायचा. बेस त्याला फ्रिपने शिकवला. तो 2025 साली बॅड कंपनीबरोबर आत गेला, तोही मरणोत्तर. जिथे हे तिघं गेले ती घरं हॉलला मान्य आहेत, मात्र तिघांनी ज्या घरात काम केलं त्याचं नाव यादीवर घ्यायला कोणी तयार नाही. ही विसंगती आम्हाला मान्य नाही.

राहिला हिट गाण्यांचा मुद्दा. व्हेल्व्हेट अंडरग्राउंड 1996 साली आत गेले तेव्हा त्यांच्या नावावर एकही मोठं हिट गाणं नव्हतं. त्यांच्या बाबतीत पुढच्या संगीतावरचा प्रभाव मोजला गेला, आणि ते बरोबरच झालं. तीच मोजपट्टी इथेही लावा. टूलसारख्या मेटल बँडने 2001 साली आपल्या दौऱ्यात क्रिमझनला सोबत घेतलं. हिपहॉप गायक कान्ये वेस्टच्या 2010च्या 'पॉवर' या गाण्यामध्ये 'स्किझॉइड मॅन'चा तुकडा थेट वापरलेला आहे. मेटलपासून हिपहॉपपर्यंत पोचलेला हा माग 1969च्या त्या एका अल्बमपर्यंत मागे नेता येतो.

नामांकन नक्की कोण करतं? आम्ही चाहत्यांनी मत दिलं तर काही फरक पडतो का? (नाशिक)

या संस्थेची स्थापना 1983ची, पहिला मानसोहळा 1986 साली झाला आणि क्लीव्हलंडचं संग्रहालय 1995 साली उघडलं. निवड दोन पायऱ्यांनी होते. आधी एक लहान नामांकन समिती बसते. तिचे सभासद आपापली नावं मांडतात, वाद घालतात आणि साधारण 14 ते 17 नावांची यादी ठरते. ती यादी मग हजाराहून जास्त मतदारांकडे जाते. त्यांत आधी मान मिळालेले हयात कलाकार, इतिहासकार आणि संगीतव्यवसायातली मंडळी असतात. त्यातून कलाकार विभागात अलीकडे सात-आठ जण निवडले जातात.

प्रॉग अडतं ते पहिल्या पायरीवर. समितीत तुमचं नाव हट्टाने लावून धरणारा एक तरी माणूस लागतो. 1970च्या दशकातल्या अमेरिकन रॉक समीक्षेत प्रॉगला दिखाऊ आणि फुगवलेलं म्हणायची पद्धत होती, आणि त्याच समीक्षेच्या वर्तुळातली माणसं पुढे या संस्थेच्या आसपास राहिली. 'रोलिंग स्टोन' मासिकाचा सहसंस्थापक यान वेनर हॉलच्या संस्थापकांपैकी एक. कृष्णवर्णीय आणि स्त्री कलाकारांबद्दल केलेल्या वक्तव्यांवरून 2023 साली त्याला संचालक मंडळातून काढण्यात आलं. तेवढ्याने प्रॉगकडे बघायची नजर बदलेल असं मात्र धरून चालू नका.

चाहत्यांचं मत 2012 साली सुरू झालं आणि पहिल्याच वर्षी रश त्यात आघाडीवर होते. ते आत गेले म्हणून अनेकांना वाटतं की चाहत्यांनी नेलं. प्रत्यक्षात चाहत्यांच्या सगळ्या मतांतून वरची काही नावं काढून त्यांची मिळून एक मतपत्रिका बनते, आणि ती हजाराहून जास्त मतपत्रिकांमध्ये एक म्हणून मोजली जाते. 2020 साली डेव्ह मॅथ्यूज बँड चाहत्यांच्या मतात पहिला आला आणि त्या वर्षी बाहेर राहिला. 2025 साली फिश या बँडचंही तेच झालं. शिवाय मत देता येतं ते यादीत असलेल्यांनाच. यादीबाहेरच्या क्रिमझनला तुम्ही रोज मत द्यायचं म्हटलं तरी रकानाच नाही.

मी तबला शिकते. प्रॉगमध्ये सात, नऊ, पाच अशा मात्रा असतात म्हणे. ऐकताना मोजायचं कसं? मोजता मोजता माझं चुकतं. (सांगली)

तुम्हाला हे इतरांपेक्षा सोपं जाईल, फक्त ठेका शोधू नका. खाली-भरीची अपेक्षा ठेवली की गोंधळ होतो, कारण इथे तालाचं चक्र बेसच्या आकृतीवर उभं असतं. सुरुवात जेथ्रो टलच्या 'लिव्हिंग इन द पास्ट'ने करा. पाच मात्रा, तीन अधिक दोन. बेस ऐकत पायाने धरा, दोन आवर्तनांत बसेल. मग पिंक फ्लॉइडचं 'मनी' घ्या. त्याची बेसची आकृती सात मात्रांची आहे. चूक होते ती गिटारच्या एकलवादनाला, कारण तिथे बँड चार मात्रांवर जातो आणि आपण सातच मोजत राहतो. गिटार संपून सात परत येतात तिथे पुन्हा पकडा.

यापुढचा अभ्यास म्हणजे रशचं 1981चं 'वाय वाय झेड'. टोरांटो विमानतळाची ही तीन अक्षरी खूण मोर्स संकेतात वाजवली की गाण्याची सुरुवात तयार होते. लांब खुणेला दोन आणि आखूड खुणेला एक असं माप धरा. 'वाय' म्हणजे लांब, आखूड, लांब, लांब : एकूण सात. असे दोन 'वाय' मिळून चौदा. 'झेड' म्हणजे लांब, लांब, आखूड, आखूड : सहा. बेरीज वीस, म्हणजे पाव मात्रेच्या मापाने बरोबर पाच मात्रा. हातावर मोजून बघा. पढंत करायची सवय असलेल्या माणसाला हे पंधरा मिनिटांत जमावं.

कीबोर्डवर मेलोट्रॉनचा आवाज निवडतो, पण वाजवल्यावर जुन्या रेकॉर्डसारखा लागत नाही, साधा सिंथ वाटतो. कुठे चुकतंय? (मडगाव)

चूक बहुधा बोटांत आहे, आवाजात नाही. मूळ यंत्र असं चालतं : प्रत्येक पट्टीखाली टेपचा एक स्वतंत्र तुकडा असतो. पट्टी दाबली की टेप फिरत्या दांड्यावर दाबली जाते आणि खऱ्या व्हायोलिनचं किंवा बासरीचं मुद्रण ऐकू येतं. ते सुमारे आठ सेकंद चालतं. टेप संपली की सूर गप्प. बोट उचललं की स्प्रिंग टेपला मागे ओढते.

म्हणून पहिलं काम, एकही सूर आठ सेकंदांच्या पुढे धरू नका. एकत्र दाबलेले सूर त्याआधी बदला, आणि ते सगळे एकदम न उचलता एकेक बोट सरकवा. जुन्या वादकांनी असंच केलं. दुसरं, बोटाच्या जोराप्रमाणे आवाज लहान-मोठा होण्याची सोय बंद करा आणि चढउतार पायाच्या व्हॉल्यूम पेडलने घ्या. तिसरं, सूर सुटल्यावर रेंगाळता कामा नये, रिलीज जवळजवळ शून्यावर आणा. चौथं, वरचा चकाकता भाग थोडा कापा आणि स्वरात अगदी किंचित डळमळ ठेवा. एकाच वेळी जास्त पट्ट्या दाबल्या की मोटरवर ताण येऊन स्वर खाली घसरायचा, तोच त्या आवाजाचा ओलावा आहे. कीबोर्डला 61 पट्ट्या असल्या तरी मूळ यंत्राच्या एका पट्ट्यांच्या ओळीत 35च असायच्या. खालच्या खर्जात उतरलात की भ्रम तुटतो.

मूडी ब्लूजचा माइक पिंडर हे यंत्र बनवणाऱ्या बर्मिंगहॅमच्या कारखान्यात कामाला होता. त्यामुळे ते उघडून दुरुस्त करणं त्याला येत होतं. दौऱ्यावर हे वाद्य नेणाऱ्याला ती विद्या लागायचीच.

जेथ्रो टलबद्दल तुमचं काय मत? मुंबईत त्यांना ऐकलेली आमची पिढी अजून वाट बघतेय. (मुंबई)

क्रिमझननंतर दुसरा हक्क त्यांचा. 1971चा 'अॅक्वालंग', मग 1972चा 'थिक अॅज अ ब्रिक' : एकच रचना रेकॉर्डच्या दोन्ही बाजूंना पसरलेली, आणि तरीही अमेरिकेच्या विक्रीयादीत पहिल्या क्रमांकावर. 1973चा 'अ पॅशन प्ले'ही तिथे पहिला गेला. म्हणजे इथे लोकप्रियतेची तक्रारसुद्धा करता येत नाही. रॉकमध्ये बासरीला मुख्य आवाजाची जागा देणं, तीत फुंकरीबरोबर गळ्याने गुणगुणणं, ही त्यांच्या गायक-बासरीवादक इयन अँडरसनची ओळख नंतर कित्येकांनी उचलली.

त्यांना नडतं ते 1989चं ग्रॅमी. हार्ड रॉक आणि मेटल असा नवा विभाग त्या वर्षी सुरू झाला, सगळ्यांना मेटॅलिका या मेटल बँडची खात्री होती आणि नाव पुकारलं गेलं जेथ्रो टलचं. तेव्हापासून अमेरिकेत या बँडचं नाव निघालं की आधी तो निकाल आठवतो. निवड करणाऱ्यांची ती चूक वीस वर्षांच्या कामावर चिकटावी हे अन्यायाचं आहे. तुम्ही ऐकलेला कार्यक्रम बहुधा 5 डिसेंबर 2008चा असावा. 26 नोव्हेंबरच्या हल्ल्यामुळे ठरलेला कार्यक्रम रद्द झाला आणि अनुष्का शंकरबरोबर त्यांनी तो हल्ल्यातल्या बळींच्या मदतीसाठी पुन्हा केला.

इमर्सन, लेक अँड पामरची बाजूही अनेकांनी मांडली आहे. त्यांचं उत्तम काम 1970 ते 1973 या चारच वर्षांत आहे. कीथ इमर्सनने मूग सिंथेसायझर मंचावर आणला त्याचं मोल मोठं आहे, पण आम्ही त्यांना तिसरे धरतो.

बँड आत गेला की मान कोणाकोणाला मिळतो? वीस-पंचवीस माणसं येऊन गेलेल्या बँडचं काय करणार? (कोल्हापूर)

नावं हॉल ठरवतं, बँड नाही. येसच्या आठ जणांना मान मिळाला, पण पहिला गिटारवादक पीटर बँक्स राहिला. जेनेसिसच्या पाचांत अँथनी फिलिप्स नव्हता, रशच्या तिघांत पहिल्या अल्बमचा ड्रमर जॉन रट्सी नव्हता. माणसं जास्त ही मात्र सबब होऊ शकत नाही, 1997 साली पार्लमेंट-फंकाडेलिकच्या सोळा जणांना एकदम घेतलं होतं.

क्रिमझनला कलाकार विभागात कधीच घेतलं नाही, तर दुसरा काही मार्ग आहे का? (पुणे)

आहे, आणि आम्हाला तोच जास्त शक्य वाटतो. संगीतातल्या उत्कृष्टतेसाठी आणि आरंभीच्या प्रभावासाठी वेगळे मान आहेत. ते मतदानाला जात नाहीत, निवड समिती थेट देते. क्राफ्टवर्क कलाकार विभागाच्या मतदानात पुन्हा पुन्हा मागे पडले आणि 2021 साली प्रभावाच्या मानाने आत आले. जूडास प्रीस्ट 2022 साली उत्कृष्टतेच्या मानाने आले. क्रिमझनची शेवटची मैफल डिसेंबर 2021 मध्ये टोकियोला झाली. मॅकडोनल्ड 2022 साली गेला, गीतकार पीटर सिनफील्ड 2024 साली, पहिल्या अल्बमचा गायक आणि बेसवादक ग्रेग लेक तर 2016 सालीच. पहिल्या अल्बमच्या पाच जणांपैकी आता फ्रिप आणि ड्रमर मायकल जाइल्स उरले आहेत. मान द्यायचाच तर या दोघांच्या हयातीत द्यावा.